बिनसमुद्राचे मीठ

वऱ्हाडात एके काळी मीठ निघत असे, असे सांगितले की कोकणातला माणूस हसतो. त्याला दोष देता येत नाही. अकोल्याहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर आगगाडीत अजूनही एक रात्र मोडावी लागते. वऱ्हाड म्हटले की कापूस, ज्वारी आणि ऊन एवढेच बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर येते. पैकी ऊन आम्ही पाहुण्यांना फुकट देतो. पण मौज अशी, की ज्या मुलखाने समुद्र पाहिला नाही त्याच्या पोटात खार मात्र भरपूर आहे. तो दोन ठिकाणी वर येतो. एक लोणारच्या सरोवरात आणि दुसरा अकोला-अमरावतीच्या मधून वाहणाऱ्या पूर्णामाईच्या खोऱ्यात. पहिला पाहायला देशोदेशीचे लोक येतात. दुसरा पाहायला कोणी जात नाही, कारण तो विहिरीत असतो आणि तेथल्या लोकांना तो प्यावा लागतो.

आधी लोणार. बुलढाणा जिल्ह्यातले हे गाव मेहकरच्या दक्षिणेला. गावाच्या कडेला येईपर्यंत पुढे काही आहे अशी शंकासुद्धा येत नाही. सपाट काळी राने, पळसाची झाडे, आणि एकाएकी पायांखालची जमीन संपते. समोर सुमारे पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा वाटोळा खड्डा, काठापासून तळापर्यंत जवळजवळ साडेचारशे फूट खोल, आणि तळाशी ताटलीत वाढल्यासारखे हिरवट पाणी. आकाशातून पडलेल्या पाषाणाने हा खड्डा पाडला, हे आता वादातीत आहे. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने व आपल्या भूवैज्ञानिक खात्याने १९७० नंतरच्या काही वर्षांत येथे छिद्रे घेऊन खडक तपासले आणि केवळ प्रचंड आघातानेच तयार होणारी काच त्यांना सापडली. खड्ड्याच्या वयाबद्दल मात्र विद्वानांचे जमत नाही. एक हिशेब बावन्न हजार वर्षांचा, दुसरा, २०१०च्या सुमारास प्रसिद्ध झालेला, पाच लाख सत्तर हजारांचा. आपण चार-दोन रुपयांच्या हिशेबावरून वाण्याशी भांडतो, त्या मानाने ही मंडळी मोठ्या दिलाची.

पाषाणाची कथा शाळेच्या पुस्तकांत आली आहे, तेव्हा ती येथे पुरे. मला विचारायचे आहे ते असे, की दगड पडला, खड्डा झाला, पावसाने भरला, हे सर्व ठीक. पण पाणी खारे का झाले? दगड काही मिठाचा नव्हता.

उत्तर साधे आहे आणि ते खड्ड्याच्या आकारातच आहे. या पाण्याला आत येण्याच्या वाटा आहेत, बाहेर पडण्याची नाही. पाऊस पडतो, धार नावाचा झरा गोमुखातून बारा महिने गोडे पाणी आणतो, कड्यांतून लहानमोठे पाझर येतात. हे पाणी आमच्या काळ्या कातळावरून आणि कातळातून येते, आणि येताना चिमूट चिमूट क्षार घेऊन येते. तळाशी आल्यावर मात्र त्याची सुटका फक्त वर, उन्हात. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. त्यांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, लवकर गोठून तळाशी बसतो. उरतो सोडियम. म्हणून लोणारचे पाणी समुद्रासारखे नुसते खारट नाही, ते सोड्याचे आहे. बोट बुडवले तर साबण लावल्यासारखे बुळबुळीत लागते. त्यात मासा जगत नाही. (चुना गेला आणि सोडियम उरला, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे, पूर्णेच्या खोऱ्यात त्याचे काम पडणार आहे.)

आता उन्हाळा आला की काय होई? पाणी हटे. काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडे आणि त्यावर व त्याखाली खाराचे थर दिसू लागत. हाच लोणारचा हंगाम. शेतकऱ्याचे पीक पावसावर, लोणारकरांचे हे पीक उन्हावर. जितके ऊन कडक तितके पीक चांगले. लोक चिखलात उतरून खार काढीत, काठावर वाळवीत आणि त्याची प्रतवारी लावीत. जुन्या कागदांत या प्रतींची नावे आहेत: डल्ला, निमक-डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की, मादखार. मला ही यादी फार आवडते. डल्ला म्हणजे खडा, निमक-डल्ला म्हणजे ज्यात खाण्याच्या मिठाचा अंश अधिक, पापडी पातळ थराची, भुस्की भुशासारखी. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांना रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण कोणता खार कशाच्या कामाचा हे त्यांना बोटांनी कळत होते. तो साबणाला जाई, काचेच्या बांगड्यांना जाई, कापडावर रंग पक्का करण्यासाठी रंगाऱ्याकडे जाई, वैद्याच्या पुडीत जाई.

घरच्या स्त्रियांना यात नवल वाटू नये. आपण पापडात घालतो तो पापडखार याच जातीचा. भज्यांच्या पिठात चिमूटभर टाकतो तो खाण्याचा सोडा याच कुळातला, त्याचा धाकटा भाऊ म्हणा. मूग-उडदाच्या पिठाला जो फुलवतो आणि कपड्याचा मळ जो काढतो, तो पदार्थ एकच कसा, याचे कोडे माझ्या आत्याला शेवटपर्यंत सुटले नाही. “म्हनजे आपुन साबन खातो का बाप्पा?” असे ती विचारी, आणि पापड मात्र शेरभर अधिकच लाटी.

हा धंदा लहानसहान नव्हता. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐने-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती दिली, तीत मेहकरच्या मुलखातल्या या जागेची नोंद आहे. काच आणि साबण यांना लागणारे सर्व साहित्य येथे मिळते आणि खाराच्या कामापासून सरकारला चांगला वसूल येतो, असे तो सांगतो. पुढे त्याने एक चमत्कारिक गोष्ट लिहिली आहे: झरा खाऱ्या पाण्याचा, पण मधले आणि कडेचे पाणी गोडे. मधल्या पाण्याचे काही सांगता येत नाही, कडेचे मात्र खरे आहे. सरोवराच्या काठी कमळजादेवीचे देऊळ आहे, त्याच्या जवळच एक विहीर आहे. तिच्या एका अंगाचे पाणी गोड व दुसऱ्या अंगाचे खारे, म्हणून लोकांनी तिचे नाव सासू-सुनेची विहीर ठेवले. कोणती बाजू सासूची हे मी तेथे दोघा-तिघांना विचारले. पुरुषांनी एक सांगितले, बायकांनी दुसरे.

हा धंदा बसला तो कोणी बंदी घातली म्हणून नव्हे. १८६० नंतरच्या दशकात बेल्जियममध्ये सॉल्व्हे नावाच्या गृहस्थाने मीठ आणि चुनखडी यांपासून कारखान्यात सोडा बनवण्याची स्वस्त रीत बसवली, आणि जगभरच्या सोड्याच्या तळ्यांचे दिवस फिरले. ज्यांच्या तळ्यात सोड्याचे डोंगर होते, उदाहरणार्थ आफ्रिकेतील केनियाचे मगाडी, ती टिकली. लोणारसारखे टोपलीने खार काढणारे तळे कसे टिकावे? पुढे १९३९ साली सौराष्ट्रात मिठापूरला टाटांनी कारखाना काढला. आणि त्याच घराण्याने १९८३ साली पिशवीतले आयोडीनयुक्त मीठ बाजारात आणले, ते आज आपल्या डब्यात आहे. डल्ला आणि भुस्की ही नावे शब्दकोशातसुद्धा शोधावी लागतात.

पण खार गेला नाही. तो पाण्यातच आहे आणि आपली कामे करतो आहे. या सोड्याच्या पाण्यात एक सूक्ष्म शेवाळ वाढते, स्पिरुलिना नावाचे. पाण्याला हिरवा रंग बराचसा त्याचाच. काठच्या चिखलात किड्यांच्या अळ्या असतात, त्या टिपायला शेकाट्यांसारखे पाणपक्षी येतात. २०२०च्या जूनमध्ये तर या पाण्याने सगळ्या देशाला चकित केले. पाणी गुलाबी झाले. त्या वर्षी टाळेबंदीमुळे लोक घरी बसले होते, त्यामुळे चर्चेला उधाण आले. कोणी कलियुग म्हणाले, कोणी लवणासुराचे रक्त म्हणाले. (विष्णूने या असुराला येथे मारले आणि म्हणून गावाचे नाव लोणार, अशी कथा आहे. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ त्याच कथेचे.) पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले तेव्हा खारट पाण्यातच फोफावणारे सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटून खार वाढला तसे ते वाढले आणि त्यांच्या अंगच्या गुलाबी रंगाने तळे रंगले. नमुना स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ दिसू लागले. म्हणजे हाही उन्हाळ्याचाच हंगाम. पूर्वी त्याचा माल टोपलीत येई, या खेपेस तो वर्तमानपत्रात आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे. अभयारण्य तर ते २००० सालापासून आहे, तेव्हा आता तेथला खार उचलून पिशवीत घालण्याचा विचार पर्यटकांनी करू नये.

लोणारचे भाग्य असे, की त्याचा खार वाडग्यात राहिला. पूर्णेच्या खोऱ्यात वाडगा नाही. तेथे तो शेताखाली आहे.

नकाशा पाहिला तर उत्तरेस गाविलगडचे डोंगर, म्हणजे सातपुडा, आणि दक्षिणेस अजिंठ्याचे. मध्ये सपाट, काळीभोर, खोल जमीन. डोंगराच्या पायथ्याशी जमीन खचत गेली आणि नदीने तो खळगा गाळाने भरत आणला. हा गाळ शेकडो फूट जाड आहे. त्या गाळातच खारे पाणी कोंडलेले आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून आठ-नऊशे गावे या टापूत येतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव ही नावे ऐकली की वऱ्हाडी माणूस लगेच म्हणतो, “खारपान पट्टा.” पूर्वी या शब्दाबरोबर मुलीच्या बापाच्या कपाळावर एक आठी पडत असे.

कारण विहीर. दर्यापूरकडे माझ्या आत्याचे सासर होते. मे महिन्याच्या सुटीत आम्ही मुले तेथे जात असू. दुपारचा चहा चुलीवर असे आणि दूध घातले की कधी कधी तो फाटे. घरात दोन रांजण. एक दाराशी, दुसरा देवघराशेजारी, झाकलेला. झाकलेल्यात लांबून बैलगाडीने आणलेले पाणी. एकदा मी त्यात लोटा घातला तेव्हा आत्याने हात धरला आणि मग, मी पाहुणा आहे हे आठवून, सोडून दिला. “पाहुन्याले गोडं, घरच्यायले खारं,” ती म्हणाली, “तू त पाहुनाच हायेस.” तिची माझ्याच वयाची मुलगी दाराशेजारच्या रांजणातले पाणी पीत उभी होती.

हेच पाणी एके काळी लोक मुद्दाम खणून काढीत. एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी लिहून ठेवले आहे, की अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या दोन्ही तीरांवर खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. शंभर-सव्वाशे फूट खणले की रेतीगोट्यांचा थर लागे आणि तो फुटला की खारे पाणी वर चढे. ते उथळ वाफ्यांत पसरून उन्हात आटवीत आणि मीठ गोळा करीत. कोकणातल्या मिठागरात भरती जे काम करते ते येथे माणसाचे हात करीत, एवढाच फरक. आणि हंगाम पुन्हा तोच, उन्हाचा. पावसाळ्यात मीठवाला स्वस्थ.

इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. मिठावरचा कर हा त्यांच्या तिजोरीचा लाडका कर. मीठ चोरून आत येऊ नये म्हणून त्यांनी हिंदुस्थानच्या पोटातून शेकडो मैलांचे काटेरी कुंपण घातले होते. ते आमच्या उंबऱ्याजवळ बऱ्हाणपुराकडून जात होते आणि १८७९ साली उठले. मग १८६७च्या सुमारास नागपूरपर्यंत आगगाडी आली, समुद्राचे मीठ डब्यांतून बडनेऱ्याला आणि अकोल्याला उतरू लागले. खोल विहिरीचे मीठ महाग पडणार हे उघड आहे. वाफे ओस पडले.

आणि मग १९३० साल उजाडले. गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीला मूठभर मीठ उचलले. देशभर कायदेभंगाचे वारे सुटले, पण ज्यांच्या जवळ समुद्र नाही त्यांनी काय करावे? यवतमाळकडे लोकनायक बापूजी अणे यांनी त्या जुलैत पुसदला जंगलचा कायदा मोडला, कारण तेथे जंगल होते. अकोला-अमरावतीकडे मात्र विहिरी होत्या. अकोला जिल्ह्यातील दहीहांडा आणि दर्यापूर तालुक्यातील भामोद येथे त्या एप्रिलमध्ये लोकांनी खारे पाणी उपसले, आटवले आणि सरकारच्या नाकावर टिच्चून मीठ केले. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, अमरावतीचे वीर वामनराव जोशी ही त्या वेळच्या वऱ्हाडी चळवळीतली मोठी नावे. ते मीठ चवीला कसे होते हे मला ठाऊक नाही, कडवटच असावे. पण ज्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या गावाला छळले त्याच पाण्याने त्या महिन्यात गावाची छाती फुगली, याचे मला अप्रूप वाटते. दहीहांड्याची माणसे हा इतिहास अजून अभिमानाने सांगतात, आणि सांगून झाल्यावर पाहुण्याला विकतचे पाणी देतात.

कारण विहिरीतले पाणी बदललेले नाही. नळयोजना झाल्या, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. सातपुड्यातल्या वान धरणाचे पाणी अकोटच्या चौऱ्याऐंशी खेडी योजनेने खाली आणले, शहानूरचे अंजनगाव-दर्यापूरकडे आले. पण नळ रोज येत नाही आणि धरणाचे पाणी आधी कोणाच्या पिकाला व कोणाच्या घशाला, यावरून तेल्हारा-अकोटकडे आंदोलनेही होतात. नळ चुकला की हातपंप, आणि हातपंपाचे ते तसेच. मूतखड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी या गावांत फार कानावर येतात.

शेतीची तऱ्हा पाण्याहून निराळी नाही. येथे विहिरीचे पाणी पिकाला देणे म्हणजे जमीन बिघडवणे. खाऱ्या पाण्यातला सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटतो, कण सुटे होऊन जागच्या जागी घट्ट बसतात, माती वाळली की दगड आणि भिजली की लोणी. पाणी मुरत नाही, मुळाला हवा मिळत नाही. म्हणून शेतकरी वरून पडेल त्या पावसावरच कापूस, तूर, मूग घेतो आणि खरीप निघाला की मातीत उरलेल्या ओलीवर हरभरा पेरतो. या पट्ट्यातल्या हरभऱ्याच्या डाळीची चव निराळी असते असे आम्ही वऱ्हाडी मानतो. यंदाच्या फराळात बेसनाचे लाडू चांगले झाले असतील तर ती डाळ कोठली होती, हे वाण्याला जरूर विचारावे.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. लोणारात चुना तळाशी गेला आणि सोडियम उरला म्हणून पाणी सोड्याचे झाले. या मातीचा आजार जवळजवळ तोच आहे, आणि औषध उलटे: चुन्याच्या जातीचा पदार्थ परत मातीत घालायचा. त्याला जिप्सम म्हणतात. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियमला उठवतो आणि पावसाचे पाणी त्याला खाली धुऊन नेते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने यावर पुष्कळ काम केले आहे, जोडीला ढेंचा-बोरूसारखी हिरवळीची खते सांगितली आहेत. २०१८ साली जागतिक बँकेच्या मदतीने कृषी संजीवनी प्रकल्प आला, त्यात खारपाणपट्ट्यातली ९३२ गावे घेतली गेली. शेततळी झाली. शेततळे म्हणजे शेतातच खळगा खणून पावसाचे पाणी धरायचे, आणि हरभऱ्याला एखाद-दुसरे गोडे पाणी द्यायचे. विहीर खणणारा माणूस खाली पाहतो. येथे खणूनही वरच पाहावे लागते.

जिप्सम मात्र धुऊन जायलाही पाऊस हवा आणि पाणी निघून जायला चर हवा. ज्याच्या शेताच्या खालच्या अंगाला दुसऱ्याचे बांध उंच आहेत त्याचा सोडियम जाणार कोठे? गेल्या साली भामोदच्या बाजूला एका शेतकऱ्याशी बोलत उभा होतो. त्याचे शेततळे जवळपास आटले होते, आणि चिखलाच्या कडेला चार बोटे रुंदीची पांढरी रेघ उठली होती. लोणारात अशीच रेघ पाहून लोक टोपल्या घेऊन उतरत. मी ती बोटाने खरवडून जिभेला लावली. तो हसला.

“आमच्या आज्यानं यापाईच जेलात दोन महिने काढले,” तो म्हणाला, “आता तुमी फुकट चाटा.” मग त्याने चपलेने ती रेघ मोडली आणि तळ्याचा गाळ दिवाळीआधी काढायचा की नंतर, यावर आम्ही बोलू लागलो. ट्रॅक्टरवाला दिवाळीनंतर तासाला शंभर रुपये कमी घेतो म्हणे.